झेंडाबंदी ते जनसुरक्षा: विदर्भाने पाहिलेले बंदीचे कायदे

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये आधी विधानसभेने आणि लगेच विधान परिषदेने मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालणे हा त्याचा जाहीर उद्देश. मुंबईतली चर्चा 'शहरी नक्षलवाद' या शब्दाभोवती फिरत राहिली. गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडच्या माणसाला त्यापेक्षा साधे प्रश्न पडतात. रात्री कोणी वेशीवर पत्रके टाकून गेले आणि त्यातले एक आपल्या घरात सापडले तर काय? ग्रामसभेने खाणीला नाही म्हटले, रस्त्यावर ठिय्या दिला, तर तो कायदा मोडायची शिकवण ठरेल का?

अतिरेकी ठरवलेली चिन्हे आणि भाषणे यांवर बंदी घातली की अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य धोक्यात येते का, हा वाद जगभर चालू आहे. विदर्भात तो शंभर वर्षे जुना आहे आणि त्याची सुरुवात एका झेंड्यापासून झाली.

१ मे १९२३ रोजी नागपुरात झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायचे नाही, असा जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा १४४ कलमाखालचा आदेश होता. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांचा तो भाग. स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघत, अटक होत, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी निघे. वर्ध्याचे जमनालाल बजाज यांनी नेतृत्व केले. ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली. दीड हजारांहून अधिक लोकांनी अटक करवून घेतली आणि १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक त्याच बंदी घातलेल्या रस्त्याने गेली. सरकारच्या लेखी तो झेंडा शांतता बिघडवणारा होता. त्या दिवशी शांतता बिघडल्याची नोंद नाही.

१९२३ चे प्रकरण सोपे आहे. १९४२ चे नाही, आणि म्हणूनच त्यावर थांबायला हवे.

तुकडोजी महाराज तेव्हा खंजिरी घेऊन गावोगाव फिरत होते. झाडेझुडपे शस्त्रे होतील, दगड बॉम्ब होतील, भक्तांचीच सेना होईल, अशा आशयाचे त्यांचे भजन लोकांच्या तोंडी होते. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला, तरुण मेले. मग जमाव उसळला आणि डुंगाजी, सोनवणे या अधिकाऱ्यांसह सरकारी माणसे मारली गेली. तिकडे आष्टीतही त्याच दिवशी दोन्हीकडची माणसे पडली. सरकारने महाराजांना अटक करून तुरुंगात टाकले. भजनाने लोक पेटले, हा सरकारचा आरोप अगदीच हवेतला नव्हता. माणसे खरोखर मेली होती. तरीही आज चिमूर-आष्टीच्या कोणत्याही गावात त्या भजनाला कोणी अतिरेकी म्हणणार नाही. मोझरीच्या आश्रमापासून गावच्या गुरुदेव सेवा मंडळापर्यंत ते अभिमानाने सांगितले जाते. शब्द आणि हिंसा यांच्यातला धागा कुठे जोडायचा, हे त्या-त्या वेळच्या सत्तेवर सोडले की काय होते, ते या एका प्रकरणात दिसते.

पुढे जे झाले ते मला जास्त गंभीर वाटते. चिमूरला लष्कर आले आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. चौकशीच्या मागणीसाठी सेवाग्रामच्या प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी ६३ दिवसांचा उपवास केला. सरकारने चिमूर आणि भणसाळींचा उपवास या दोन्हींच्या बातम्या छापण्यावर बंदी घातली. निषेध म्हणून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या अनेक वृत्तपत्रांनी अंकच काढला नाही. चिथावणी रोखायची म्हणून आलेले अधिकार काही महिन्यांतच तक्रार दाबायला वापरले गेले. बंदीच्या प्रत्येक कायद्याची चर्चा करताना मला आधी हे चिमूर आठवते.

बोलण्या-लिहिण्यावरचे खटले ज्या कलमाखाली चालत ते १२४ अ, म्हणजे राजद्रोह, १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत आले. टिळकांवर १८९७ आणि १९०८ असे दोनदा ते चालवले गेले. नागपूरच्या 'देशसेवक' पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही १९०८ मध्ये त्याच कलमाखाली शिक्षा झाली. हा अनुभव ताजा असल्यामुळे घटना समितीने राजद्रोह हा शब्द अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांच्या यादीतून वगळला. तशी दुरुस्ती कन्हैयालाल मुन्शी यांनी १९४८ मध्ये मांडली होती.

पण घटना लागू होऊन चार महिने होतात न होतात तोच सर्वोच्च न्यायालयापुढे दोन खटले आले. एक डाव्यांच्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाचा, दुसरा उजव्यांच्या 'ऑर्गनायझर'चा. दोघांवरही सरकारी बंधने होती आणि मे १९५० मध्ये दोघेही जिंकले. वर्षभरात, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने, 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'गुन्ह्यास चिथावणी' ही कारणे कलम १९(२) मध्ये घातली गेली. निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, ही अटही तेव्हाच आली. १२४ अ हे कलम आपल्याला घृणास्पद वाटते, असे नेहरूंनी त्याच चर्चेत संसदेत सांगितले. कलम मात्र राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेसण घातली: नुसती कडवट टीका गुन्हा नाही, हिंसेची किंवा अव्यवस्थेची प्रवृत्ती हवी. १९९५ मध्ये बलवंत सिंग प्रकरणात तर इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी खलिस्तानच्या घोषणा दिलेल्यांचीही सुटका झाली, कारण त्या दोन-चार घोषणांनी काहीच घडले नव्हते. मे २०२२ मध्ये कलम स्थगित झाले आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १५२ च्या रूपाने बरेचसे परत आले.

बाहेरचे देशही एका मताचे नाहीत. जर्मनीत नाझी स्वस्तिक मिरवणे गुन्हा आहे, पण कला, संशोधन, अध्यापन, इतिहासकथन यांना कायद्यातच सूट आहे. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने फुली मारलेले, नाझीविरोधी स्वस्तिकही निर्दोष ठरवले. ऑस्ट्रेलियाने नाझी चिन्हांवर बंदी आणली तेव्हा हिंदू, बौद्ध, जैन यांच्या धार्मिक वापराला वगळले. आपल्याकडे उंबरठ्यावर हळदीकुंकवाने काढलेले स्वस्तिक तिथे गुन्हा ठरू नये, एवढी काळजी कायदा लिहिणाऱ्यांनी घेतली. अमेरिकेत १९६९ च्या ब्रॅंडनबर्ग निकालापासून चिथावणी म्हणून तेच भाषण दंडनीय आहे, जे तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेले आहे आणि ज्यातून तसे घडण्याची शक्यताही आहे. हंगेरीत लाल तारा छातीला लावणाऱ्या डाव्या कार्यकर्त्याला शिक्षा झाली होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००८ मध्ये ती स्वातंत्र्याचा भंग ठरवली, कारण त्या ताऱ्याला हुकूमशाहीखेरीज कामगार चळवळीचाही अर्थ आहे. विळाहातोडा आणि लाल झेंडा निवडणूक लढवणाऱ्या पक्षांच्याही हाती असलेल्या देशात हा निकाल जवळचा वाटावा.

आता गडचिरोली. १९८० च्या सुमारास नक्षल्यांचे सशस्त्र गट, म्हणजे दलम, प्राणहिता नदी ओलांडून आले. तेंदूपानाची मजुरी, वनखात्याचा जाच यावर ते बोलले म्हणून लोकांनी ऐकले, हे नाकारून चालणार नाही. नंतरची कहाणी भीतीची आहे. गावाबाहेर लाल रंगाचा विटांचा स्तंभ, वर विळाहातोडा, मेलेल्या नक्षल्यांची नावे. २८ जुलै ते ३ ऑगस्टचा 'शहीद सप्ताह' आला की रस्त्याला आडवे झाड, त्याला बांधलेले लाल कापडाचे बॅनर. ते बॅनर कोणी काढत नसे, एसटीचा चालकसुद्धा नाही, कारण खाली स्फोटके पुरलेली असू शकत. ते कापड म्हणजे निव्वळ मत नव्हते. त्यामागे बंदूक होती आणि ती सगळ्यांना माहीत होती. जानेवारी २०१९ मध्ये भामरागड तालुक्यातल्या कसनासूरच्या तिघांना खबरी ठरवून मारले गेले. उरलेल्या गावकऱ्यांनी घरे सोडून ताडगावच्या पोलिस ठाण्याचा आसरा घेतला. अशा ठिकाणी लाल अक्षरांतले पत्रक हे अभिव्यक्ती आहे, असे कोणी कसनासूरला जाऊन सांगू नये. बोलण्याचे स्वातंत्र्य तिथे आधी दलमनेच हिरावले होते.

या दलमांच्या भाकप (माओवादी) या पक्षावर जून २००९ मध्ये केंद्राने बंदी घातली. त्याच वर्षी जिल्ह्यात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरीत मिळून जवळपास पन्नास पोलिस मारले गेले. ती बंदी मला योग्य वाटते. शस्त्रे घेऊन माणसे मारणाऱ्या संघटनेला बेकायदा ठरवणे आणि विचाराला बेकायदा ठरवणे यात फरक आहे. तो फरक जमिनीवर टिकला नाही, ही खरी तक्रार आहे.

२००६ मध्ये चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनाच्या सोहळ्यात एका पुस्तकांच्या स्टॉलवर पोलिस आले आणि पुस्तके घेऊन गेले. त्यांत भगतसिंगांवरचीही होती. २०११ मध्ये वर्ध्यात संपादक-कार्यकर्ते सुधीर ढवळे यांना अटक झाली, घरातली पुस्तके पुरावा म्हणून उचलली गेली, आणि २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. दिल्लीचे प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोली सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना निर्दोष ठरवताना म्हटले की नक्षल विचारांचे साहित्य इंटरनेटवरून उतरवून घेणे हा आपोआप गुन्हा होत नाही. तोवर एक सहआरोपी तुरुंगातच मरण पावला होता. साईबाबाही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२३ मध्ये एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गोन्सालविस आणि फरेरा यांना जामीन देताना, हिंसेचा प्रचार करणारे असले तरी साहित्य नुसते बाळगणे म्हणजे दहशतवाद नव्हे, असे सांगितले. त्याच न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मात्र बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हाच, अशी भूमिका घेतली होती.

राज्याचा नवा कायदा या सगळ्या निकालांनंतर आला आहे. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना गेल्या. सुरुवातीच्या मसुद्यात 'व्यक्ती' होत्या, त्या जाऊन 'कडव्या डाव्या किंवा तत्सम संघटना' आले. ही सुधारणा आहे. परंतु बेकायदा कृत्याच्या व्याख्येत बोललेले किंवा लिहिलेले शब्द, खुणा आणि दृश्य रूप हे सारे येते, आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणे हेही येते. हिंसेची अट तिथे नाही. या वाक्यात १९२३ चा झेंडा बसतो. १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगलात बापूजी अणे यांनी गवत कापून केलेला सत्याग्रहही बसतो.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. धोका ओसरत असताना कायदा वाढतो आहे, म्हणून त्याचे काठ आताच नीट आखून घ्यायला हवेत. व्याख्येत हिंसेचा हेतू आणि तिची जवळची शक्यता या दोन्ही अटी हव्यात. जर्मनीसारखी अध्यापन, पत्रकारिता, संशोधन आणि पुस्तकविक्रीला कायद्यातच लिहिलेली सूट हवी. संघटना बेकायदा ठरवल्याचा आदेश मराठीबरोबर माडिया आणि गोंडीतही गावात वाचून दाखवला जायला हवा. आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली ग्रामसभेने घेतलेला ठराव, मग तो खाणीविरुद्धचा का असेना, या व्याख्येत येणार नाही, हे कायद्यातच स्पष्ट शब्दांत लिहिले जायला हवे.