डोकी मोजायची की वाट?

नाशिक जिल्ह्यात कुठेही नव्या प्राथमिक आरोग्य केंद्राची मागणी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लोकसंख्या बसते का? हे 'बसणं' देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीपासून चालत आलंय. १९४६ च्या अहवालात समितीने सुरुवातीचा टप्पा म्हणून ४०,००० लोकांमागे एक केंद्र सुचवलं होतं. १९५२ नंतर सामूहिक विकास योजनेतून गटागटांत केंद्रं उभी राहू लागली, पण एकेका केंद्राच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त माणसं आली.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक केंद्रं आणि त्यांच्या हाताखालची छोटी उपकेंद्रं जिल्हा परिषदांकडे, ग्रामीण रुग्णालयापासून वरचं सगळं थेट राज्याच्या आरोग्य खात्याकडे, अशी वाटणी रुळली. एकाच तालुक्यात दोन चुली. पेशंटला अर्थातच त्याचं काही देणंघेणं नसतं.

पुढे निकष सैल झाले. सपाटीवर ३०,००० लोकांमागे केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात २०,०००. उपकेंद्राला ५,००० आणि ३,०००. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांना ही सवलत लागू होते. पण इथली वस्ती गावात नाही, पाड्यांवर विखुरलेली. तीन हजार डोकी भरेपर्यंत किती डोंगर आणि किती ओहोळ मध्ये येतात, हे आकडा सांगत नाही. पावसाळ्यात तर नकाशावरचं अंतर निव्वळ थट्टा ठरतं. केंद्र सरकारने नंतर डोंगराळ भागासाठी वेगळी पट्टीही पुढे केली: वस्तीपासून पायी अर्ध्या तासात उपकेंद्र. माझ्या मते खरी पट्टी हीच.

आणखी एक गोष्ट गणतीत बसत नाही, ती म्हणजे स्थलांतर. भातकापणी उरकली की पेठ-सुरगाण्यातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. बाईची नोंद गावच्या उपकेंद्रात, सातवा महिना बागेतल्या झोपडीत. लेकराच्या लसीचं कार्डही कधी इकडे, कधी तिकडे. मालेगावचं दुखणं अगदीच निराळं. यंत्रमागाच्या दाट वस्तीत अंतर नसतंच, गर्दी असते. शहरांसाठी स्वतंत्र आरोग्य अभियान यायला मात्र २०१३ उजाडलं.

त्याआधी २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने थोडी मोकळीक दिली होती. आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या आल्या, हजार लोकांमागे एक. आदिवासी भागात ही अट शिथिल करून वस्तीगणिक एक नेमण्याची सोय झाली. केंद्राच्या पातळीवरची रुग्ण कल्याण समिती आणि अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणाऱ्या निधीमुळे गळकं छप्पर किंवा बंद पडलेला दिवा यासाठी वर कागद पाठवायची गरज उरली नाही. नवं केंद्र आणि त्यातली पदं मात्र मुंबईतूनच मंजूर व्हायची, तीही जनगणनेच्या आकड्यांवर. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. २०२१ ची मोजणी झालीच नाही.