प्रत्येक पीएलसीचा टर्मिनेशन स्विच ऑन? नको!

मॉडबस आरटीयूच्या (उपकरणांनी एकाच केबलवरून डेटा देण्याघेण्याची पद्धत) लाइनवर छोटा पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) जोडताना एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय: ‘कम्युनिकेशन एरर येतोय? प्रत्येक उपकरणाचा १२० ओहमचा टर्मिनेशन स्विच ऑन कर.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि चालू लाइन बंद पाडतो.

या स्विचने दोन तारांमध्ये जोडला जाणारा रेझिस्टर केबलच्या टोकावरून सिग्नल परत फिरू नये म्हणून असतो. टोकं दोनच, म्हणून रेझिस्टरही दोनच. ते समांतर येतात, म्हणजे ६० ओहम. आरएस-४८५ (या लाइनचं विद्युत मानक) चा ड्रायव्हर, म्हणजे सिग्नल पाठवणारी चिप, साधारण ५४ ओहमच्या लोडवर किमान १.५ व्होल्ट देईल, असं मानकात धरलंय. आठ उपकरणांवर स्विच ऑन केलेत तर लोड होतो १५ ओहम! व्होल्टेज कोसळतं, आणि जवळच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नॉइज सरळ डेटात घुसतो.

खात्री करायची तर सगळ्यांची पॉवर बंद करून ए आणि बी तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साठच्या आसपास आकडा हवा.

खरं तर ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट), पन्नासेक मीटर केबलमध्ये, टर्मिनेशनचा प्रश्न क्वचितच येतो. एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, आणि सिग्नल अर्ध्या मायक्रोसेकंदात जाऊन परत येतो. तेव्हा आधी सेटिंग्ज बघा: पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) दोन्हीकडे सारखी आहे का? मॉडबसची डिफॉल्ट ईव्हन आहे. नन (पॅरिटीच नाही) ठेवली तर मानकाप्रमाणे स्टॉप बिट (प्रत्येक बाइटच्या शेवटची खूण) दोन लागतात. आणि एकच स्लेव्ह ॲड्रेस (लाइनवरचा उपकरणाचा क्रमांक) दोन उपकरणांना दिलेला नाही ना, हेही तपासा.