दुसरा डोस घेताना नंबर तोच, ओळखपत्र तेच: पुण्यातल्या कोविड लसीकरणाची कागदपत्रं आणि प्रमाणपत्राची दुरुस्ती

(माहिती ऑगस्ट २०२१ च्या मध्यापर्यंतची आहे. खाली ‘आता’ म्हटलंय ते तेव्हाचं; त्या वेळचे नियम, दर आणि सोयी आज तशाच आहेत असं धरू नका.)

आमच्या सोसायटीत चार घरी कामाला येणाऱ्या मावशींचे दोन्ही डोस झालेत. प्रमाणपत्रंही दोन आहेत, पण दोन्हींवर ‘पहिला डोस’ असंच लिहिलंय. एप्रिलमध्ये त्यांनी मुलाचा मोबाइल नंबर आणि स्वतःचं आधार दिलं होतं. जुलैत मुलगा कामावर होता, म्हणून सुनेचा नंबर दिला आणि हाताशी होतं ते मतदार ओळखपत्र दाखवलं. केंद्रावर गर्दी होती, नोंद करणाऱ्या मुलीने नवीन नाव म्हणून चढवलं. कोविनच्या, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळाच्या, लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत आणि दोघींचा दुसरा डोस बाकी आहे.

९ ऑगस्टपासून पुण्यात निर्बंध सैल झाले. मॉल उघडले, पण दोन्ही डोस घेतलेल्यांनाच आत सोडतात. मावशींना मॉलमध्ये जायचं नाही. पण त्या जिथे कामाला जातात त्यातल्या एका घरानेही आता प्रमाणपत्र मागितलंय, त्यामुळे हा कागद त्यांच्या पगाराशी जोडला गेला. गेल्या दोन महिन्यांत अशी पाच-सहा माणसं माझ्याकडे मोबाइल घेऊन आली. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

लस कुणाला मिळते हे आता सोपं आहे. १६ जानेवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ मार्चला साठीच्या पुढचे आणि व्याधी असलेले ४५ च्या पुढचे, १ एप्रिलला ४५ च्या पुढचे सगळे, १ मेपासून १८ च्या पुढचे सगळे. मार्चमध्ये डॉक्टरांकडून व्याधीचा दाखला आणावा लागायचा, तो आता लागत नाही. स्तनदा मातांना मे महिन्यापासून आणि गर्भवतींना जुलैपासून लस घेता येते. कोविड होऊन गेला असेल तर बरं झाल्यापासून तीन महिने थांबायचं. पहिल्या डोसनंतर कोविड झाला तरी हाच नियम. अशा वेळी कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले ८४ दिवस मोजत बसू नका, बरं झाल्याच्या तारखेपासून मोजा.

ओळखपत्र सातांपैकी कोणतंही एक चालतं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं पेन्शन पासबुक किंवा एनपीआर (राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणी) स्मार्ट कार्ड. यातलं काहीच नसलेल्यांसाठी, म्हणजे रस्त्यावर राहणारे, भटके, वृद्धाश्रमातले लोक, यांच्यासाठी केंद्र सरकारने मे महिन्यात वेगळी कार्यपद्धती काढली आहे. पण तिथे एकट्याने जाऊन भागत नाही, प्रशासनाने असं सत्र ठरवावं लागतं. असे लोक तुमच्या भागात असतील तर महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन सांगा. ते स्वतः सांगायला येणार नाहीत.

एका मोबाइल नंबरवर चार जणांची नोंदणी होते. घरात एकच फोन असला तरी अडत नाही. फक्त कोणाचं नाव कोणत्या नंबरवर आणि कोणत्या ओळखपत्रावर घातलंय, ते कागदावर लिहून फोटो काढून ठेवा. मावशींनी एवढं केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांना तसं सांगायला तरी कोण होतं?

आता लसीकरण केंद्राचं. महापालिका दुसऱ्या दिवसाची केंद्रांची यादी आदल्या संध्याकाळी समाजमाध्यमांवर टाकते. कोव्हिशील्डची आणि कोव्हॅक्सिनची केंद्रं वेगळी असतात, ते आधी बघा. ‘अमुक तारखेपूर्वी पहिला डोस घेतलेल्यांना’ असं लिहिलेलं असतं. ती तारीख म्हणजे ८४ दिवसांचा हिशेब. कोव्हिशील्डचं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं, १३ मे रोजी बारा ते सोळा. मेमध्ये पहाटेपासून रांगेत बसलेल्या आजी-आजोबांना केंद्रावरून परत पाठवलेलं मी पाहिलंय, आणि त्यांचा राग मला पूर्ण पटतो. रांगेत लोक म्हणत होते की लस नाही म्हणून अंतर वाढवलं. अंतर वाढवण्याला वैद्यकीय आधार दिला गेला होता, पण तो कुणी केंद्रावर येऊन चार शब्दांत समजावला नाही. कोव्हिशील्ड बनवणाऱ्या सीरमच्या मांजरीच्या कारखान्यातून १२ जानेवारीला पहाटे लशीच्या पहिल्या गाड्या निघाल्या तेव्हा सगळ्या पुण्याला अभिमान वाटला होता. त्याच पुण्यात हडपसरचा माणूस स्लॉटसाठी मुळशीपर्यंत जात होता आणि तिथले गावकरी आपल्याच केंद्रावर ताटकळत होते.

कोव्हॅक्सिनचं अंतर चार ते सहा आठवडे आहे. दोन्ही डोस एकाच लशीचे हवेत. कोव्हिशील्डचे सोळा आठवडे उलटून गेले असतील तरी घाबरू नका, दुसरा डोस घेता येतो, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. महापालिकेच्या केंद्रावर लस मोफत आहे. खासगीत कमाल दर कोव्हिशील्डला ७८० रुपये, कोव्हॅक्सिनला १,४१० आणि स्पुटनिकला १,१४५. यात सेवाशुल्क आणि कर धरलेले आहेत. जास्त मागितले तर पावती मागा.

ऑनलाइन स्लॉट घेतला की चार आकडी कोड येतो. तो केंद्रावर, लस घेताना द्यायचा, त्याआधी कुणालाही नाही. न गेलेल्या माणसांच्या नावावर ‘लस घेतली’ असे मेसेज येऊ लागल्यावर हा कोड आणला गेला. दुसऱ्या डोसला जाताना पहिल्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवा आणि नोंद करणाऱ्याला आधीच सांगा, ‘दुसरा आहे, याच नंबरवर.’ अर्धा तास बसवून ठेवतात तेव्हा मेसेज आला का ते बघा. त्यात ‘दुसरा डोस’ असं नसेल तर उठण्याआधीच टेबलाशी जा. तिथे पाच मिनिटांत होणारं काम घरी आल्यावर पंधरा दिवस घेतं.

तरीही चूक राहिलीच, तर कोविनवर ज्या नंबरने नोंदणी केली त्याच नंबरने लॉगिन करा. ओटीपी त्याच फोनवर येतो, म्हणून तो फोन समोर हवा. वर ‘रेज ॲन इश्यू’ दिसेल. तिथून नाव, जन्मवर्ष आणि लिंग दुरुस्त करता येतं. ही दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. दोन ‘पहिला डोस’ प्रमाणपत्रं झाली असतील तर ती एकत्र करण्याची सोयही तिथेच आहे. त्यासाठी दोन्ही प्रमाणपत्रांवरचे लाभार्थी क्रमांक हाताशी ठेवा.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांनी पासपोर्ट क्रमांकही इथूनच जोडायचा. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. ३१ ऑगस्टपर्यंत प्रवासाला निघणाऱ्यांना कोव्हिशील्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता येतो. त्यासाठी प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र, व्हिसाचे कागद आणि पासपोर्ट लागतो.

अंथरुणाला खिळलेल्यांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. घरी जाऊन लस देण्याची सुरुवात पुण्यातून करू, असं राज्य सरकारने जूनअखेर उच्च न्यायालयात सांगितलं आहे. अशा रुग्णांच्या घरच्यांनी डॉक्टरांकडून आजाराचा आणि हालचाल करता येत नसल्याचा दाखला आताच घेऊन ठेवा आणि जवळच्या महापालिका दवाखान्यात नाव द्या. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने वडिलांना खुर्चीसकट तीन मजले खाली आणलं. ती वेळ कुणावर येऊ नये.

या आठवड्यापासून प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवरही मिळतं. ९०१३१५१५१५ हा नंबर साठवायचा आणि नोंदणीच्याच मोबाइलवरून त्यावर इंग्रजीत ‘कोविड सर्टिफिकेट’ असं पाठवायचं. काही अडलं तर १०७५ ही हेल्पलाइन आहे. मावशींचा अर्ज मुलाच्या फोनवरून भरून सहा दिवस झालेत. मुलगा रात्री नऊला घरी येतो, तेव्हाच फोन मिळतो, म्हणून आम्ही रोज नऊनंतर बघतो.