नाव सुचलं, लोगो झाला, आता परवाना: सांगली-साताऱ्यातून मराठी वाहिनी काढताना

विट्याची तीन पोरं मध्यंतरी माझ्याकडे आली. सांगलीत कंपनी नोंदणीची आणि परवान्यांची कामं करत असल्यानं अशी मंडळी अधूनमधून येतातच. हातात रंगीत छापलेला लोगो होता आणि प्रश्न एकच, "परवाना किती दिवसांत मिळेल?" मी विचारलं, "वाहिनी दिसायला कुठं हवी?" एक म्हणाला, "डिशवर, अख्ख्या महाराष्ट्रात." दुसरा म्हणाला, "खानापूर, आटपाडी, कडेगावात घराघरात दिसली तरी बास."

या दोन उत्तरांचे दोन वेगळे अर्ज होतात आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून लोगोच्याही आधी हे ठरवा.

आधी उपग्रहाचं बघू. कार्यक्रम जमिनीवरून उपग्रहाकडे पाठवणं म्हणजे अपलिंकिंग आणि तिथून खाली घेणं म्हणजे डाउनलिंकिंग. दोन्हींची परवानगी केंद्राचं माहिती व प्रसारण मंत्रालय देतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेली मार्गदर्शक तत्त्वं सध्या लागू आहेत. अर्ज 'ब्रॉडकास्ट सेवा' या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. अर्जदार भारतात नोंदलेली कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असावी लागते. एकट्या व्यक्तीला, साध्या भागीदारीला किंवा मंडळाला इथं अर्ज करता येत नाही.

खरी अट आहे ती निव्वळ मालमत्तेची. मनोरंजनाच्या, म्हणजे बातम्या नसलेल्या पहिल्या वाहिनीसाठी ५ कोटी रुपये आणि पुढच्या प्रत्येक वाहिनीला २.५ कोटी. बातम्यांच्या पहिल्या वाहिनीसाठी २० कोटी आणि पुढच्या प्रत्येकीला ५ कोटी. तासगावच्या एका बागायतदारानं मला विचारलं होतं, "माझी द्राक्षबाग धरा की त्यात!" बाग त्यांच्या नावावर होती, कंपनीच्या नाही. ती कंपनीत आणून आजच्या बाजारभावानं फुगवली तरी उपयोग नाही, कारण कंपनी कायद्यातल्या व्याख्येत पुनर्मूल्यांकनातून आलेली वाढ निव्वळ मालमत्तेत धरत नाहीत. भागभांडवल आणि नफ्यातून साठलेली गंगाजळी, त्यातून साचलेला तोटा वजा, असा ढोबळ हिशेब. तो लेखापरीक्षित ताळेबंदात दिसला पाहिजे आणि चार्टर्ड अकाउंटंटनं प्रमाणित केलेला असला पाहिजे.

वरून दरवर्षीचं परवानगी शुल्क आहे: अपलिंकिंगला २ लाख आणि भारतातूनच अपलिंक होणाऱ्या वाहिनीच्या डाउनलिंकिंगला ५ लाख. बँक हमी द्यावी लागते ती वेगळी, मनोरंजन वाहिनीला १ कोटीची आणि बातम्यांना २ कोटींची. परवानगी मिळाल्यापासून वर्षभरात वाहिनी सुरू झाली नाही, तर ही हमी जाऊ शकते. म्हणून स्टुडिओचं बांधकाम 'परवानगी आल्यावर बघू' असं सोडू नका. परवानगीची मुदत १० वर्षांची असते.

स्वतःचा टेलिपोर्ट, म्हणजे उपग्रहाकडे सिग्नल पाठवणारं केंद्र, उभारायलाच हवा असं नाही. परवानगी असलेल्या दुसऱ्याच्या टेलिपोर्टवरून काम भागतं. नव्या माणसानं तेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या टेलिपोर्टला आणखी ३ कोटींची निव्वळ मालमत्ता लागते.

आता नावाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

लोक नावाकडे बारशासारखं बघतात, पण अर्जात नाव हा मालकीचा कागद असतो. कंपनीचं नाव आणि वाहिनीचं नाव वेगळं असलेलं चालतं. कंपनी नोंदणीच्या 'स्पाइस प्लस' नावाच्या अर्जाच्या पहिल्या भागात कंपनीचं नाव राखून ठेवता येतं, २० दिवसांसाठी. आपल्या जिल्ह्यांचं कंपनी निबंधक कार्यालय पुण्यात आहे. पण कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे वाहिनीचं नाव आपलं झालं असं नव्हे. त्यासाठी ट्रेडमार्क लागतो आणि तो दोन वर्गांत मागायचा: ३८ हा प्रसारणाचा आणि ४१ हा करमणूक व शिक्षणाचा. ऑनलाइन अर्जाला प्रत्येक वर्गामागे ९,००० रुपये पडतात. लघुउद्योग, स्टार्टअप किंवा व्यक्तीसाठी ४,५००. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात आणि त्यानंतर चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. म्हणून बॅनर छापण्याआधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर दोन्ही वर्गांत शोध घ्या, उच्चाराच्या जवळपासची नावंसुद्धा बघा.

'सांगली टीव्ही' किंवा 'सातारा वार्ता' अशी नावं मनाला जवळची वाटतात, पण ट्रेडमार्कला कच्ची. नुसतं गावाचं नाव आणि व्यवसायाचं वर्णन यावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. साताऱ्याकडचे लोक शिवरायांचं नाव हमखास सुचवतात. त्यामागची भावना मी समजतो, छत्रपतींच्या गादीचं शहर आहे ते. पण १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत 'छत्रपती शिवाजी महाराज' हे नाव आणि 'शिवाजी' हा शब्दही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारी नावात तो वापरता येत नाही. महाराजांविषयीचा आदर कार्यक्रमांतून दाखवा, नाव दुसरं शोधा.

उसन्या नावाचं काय होतं ते मराठी प्रेक्षकांनी पाहिलंय. 'स्टार माझा' लोकांच्या तोंडी बसलं होतं, पण 'स्टार' हे नाव दुसऱ्याचं होतं. ते वापरण्याचा करार संपला आणि २०१२ मध्ये ती वाहिनी 'एबीपी माझा' झाली. २०१५ मध्ये 'ईटीव्ही मराठी'ची 'कलर्स मराठी' झाली. मोठ्या घरांना नवं नाव लोकांच्या मनात रुजवणं परवडतं. आपल्याला नाही. उलट दूरदर्शनची 'डीडी १०' वाहिनी २००० साली 'सह्याद्री' झाली आणि तो शब्द आज आपल्याला घरचा वाटतो.

अक्षरांची बाब फार बारकाईनं बघा. माझ्या हातातल्या एका अर्जात वाहिनीच्या नावात 'ळ' होता. लोगोवर रोमन लिपीत त्याला एक 'एल' आणि ट्रेडमार्कच्या अर्जात दोन. तेवढ्यासाठी खुलासा करावा लागला आणि दीड महिना गेला. ज्या नावाला आणि लोगोला परवानगी मिळते तेच पडद्यावर दाखवायचं असतं. पुढं बदलायचं झालं तर मंत्रालयाची आधी परवानगी लागते. भाषा बदलायची किंवा साधी वाहिनी एचडी करायची तर मात्र आता नुसतं आधी कळवलं की पुरतं.

कागदांत कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, मेमोरँडम (कंपनीची उद्दिष्टं) आणि आर्टिकल्स (कारभाराचे नियम) लागतात. उद्दिष्टांत प्रसारणाचा उल्लेख आहे ना, ते बघा. पॅन, भागधारकांची यादी, ताळेबंद, निव्वळ मालमत्तेचं प्रमाणपत्र, नाव-लोगोच्या मालकीचा पुरावा, उपग्रह आणि टेलिपोर्टबद्दलची कागदपत्रं, संचालक आणि प्रमुख अधिकाऱ्यांची सविस्तर माहिती. या माहितीवरूनच गृह मंत्रालय सुरक्षा पडताळणी करतं आणि उपग्रहाच्या बाबतीत अवकाश विभागाचं मत घेतलं जातं. आधारवर एक पत्ता, पासपोर्टवर दुसरा, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

परवानगी आली म्हणजे वाहिनी घरात दिसली, असंही नाही. डीटीएच कंपन्या आणि केबल कंपन्यांशी वेगळे करार करावे लागतात आणि डीडी फ्री डिशवर जागा ई-लिलावातून घ्यावी लागते. हा खर्च धरला नाही तर वाहिनी उपग्रहावर असेल, पण गावात कुणाच्या टीव्हीवर नसेल.

आता विट्याच्या दुसऱ्या पोराचं उत्तर. आपल्या तालुक्यांतल्या बातम्या, बाजारभाव, यात्रा, कुस्तीची मैदानं एवढंच दाखवायचं असेल, तर उपग्रहाची गरजच नाही. केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांना सरकारी भाषेत 'प्लॅटफॉर्म सेवा' म्हणतात. त्यांची मार्गदर्शक तत्त्वंही नोव्हेंबर २०२२ मध्येच आली. नोंदणी एमएसओ, म्हणजे मोठा केबल वितरक, करतो आणि शुल्क वाहिनीमागे एकदाच १,००० रुपये. एमएसओच्या एकूण वाहिनी क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशा वाहिन्या ठेवता येतात, शिवाय स्थानिक मजकुरासाठी प्रत्येक जिल्ह्यात आणखी दोन. स्थानिक बातम्या दाखवायच्या तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला असणं सक्तीचं आहे. पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सेवा' अशी ओळख दाखवावी लागते, दुसऱ्या परवानाधारक वाहिनीचं प्रसारण त्यावर फिरवता येत नाही आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं. कार्यक्रम आणि जाहिरातींची संहिता इथंही तितकीच लागू आहे.

दोन अडचणी मात्र आधीच समजून घ्या. हा मजकूर त्या एका एमएसओपुरताच असतो, तोच दुसऱ्याला देता येत नाही. आणि नोंदणी एमएसओच्या नावावर होते, तुमच्या नाही. उद्या बिनसलं तर पाच वर्षं घासून लोकांच्या ओठी बसवलेलं नाव कुणाचं? म्हणून ट्रेडमार्क स्वतःच्या कंपनीच्या नावावर घ्या आणि एमएसओशी होणाऱ्या करारात तसं ठळक लिहून घ्या.

त्या तिघांनी शेवटी हाच रस्ता धरला. ३८ आणि ४१ या दोन्ही वर्गांत अर्ज दाखल झाले आहेत. गेल्या आठवड्यात एमएसओकडून कराराचा मसुदा आला, त्यात नावाच्या मालकीची ओळच नव्हती. ती घालून मसुदा परत पाठवला आहे आणि ती मान्य होईपर्यंत सही करू नका असं तिघांना सांगितलं आहे.