जीपीएस क्रीडा-घड्याळ (बेळगाव सीमाभागातील वापर)

उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून धारकाचे स्थान, वेग आणि कापलेले अंतर सतत नोंदवून ठेवणारे मनगटी उपकरण. सायकलिंग, धावणे, डोंगरभटकंती यांसाठी ते वापरतात. प्रस्तुत नोंदीत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी भाषकांचा सीमाभाग आणि त्याला लागून असलेले चंदगड तालुका व चोर्ला घाट हे प्रदेश डोळ्यांपुढे ठेवले आहेत.

इतिहास : जीपीएस प्रणालीची आखणी अमेरिकेत 1973 मध्ये झाली आणि तिचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला गेला. तिच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक हवाई दलाच्या बाजूने प्रकल्प चालवणाऱ्या ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांना श्रेय देतात, तर काही नौदलाच्या प्रयोगशाळेत उपग्रहावर अचूक घड्याळ बसवण्याची कल्पना पुढे नेणाऱ्या रॉजर ईस्टन यांना. दोन्ही दलांच्या आधीच्या योजना 1973 मध्ये एकत्र आल्या, असे मानणे अधिक रास्त दिसते.

पहिले जीपीएस घड्याळ कोणते, हाही वादाचा विषय आहे. कॅसिओ कंपनीचे 1999 चे मॉडेल कालक्रमाने आधीचे ठरते. मात्र नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम मिसळलेली अशुद्धी मे 2000 मध्ये काढली जाईपर्यंत स्थानात सुमारे 100 मीटरपर्यंत चूक राहत असे, त्यामुळे त्या घड्याळावर रस्त्यावरचे अंतर मोजणे व्यर्थच होते. टायमेक्सच्या 2002 च्या संचात संदेश पकडणारे ग्राहक यंत्र दंडावर वेगळे बांधावे लागे. आजच्या अर्थाने क्रीडा-घड्याळ म्हणायचे, तर गार्मिनच्या 2003 च्या फोररनर मालिकेपासून आरंभ धरणे सोयीचे.

कार्य : उपग्रह सुमारे 20,200 किमी उंचीवरून आपली वेळ व कक्षा कळवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की स्थानाचे तीन घटक आणि घड्याळाच्या वेळेतील चूक असे चार अज्ञात सुटतात. या कामाला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. चोर्ला घाटाच्या वाटेवर जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे रेंज गेली तरी ट्रॅक, म्हणजे कापलेल्या वाटेची नोंद, तुटत नाही, तो याचमुळे. उपग्रहांच्या कक्षांची आगाऊ माहिती फोनवरून उतरवून घेतली असेल, तर सिग्नल काही सेकंदांत पकडला जातो. नसेल तर थोडे थांबावे लागते. ते थांबणे सकाळी अंगणातच उरकावे. सायकल चालू लागल्यावर पहिले वळण हमखास वाकडे उमटते.

घाटात एका बाजूला कातळ आणि डोक्यावर झाडी असते. कातळावर आदळून आलेला संदेश लांबच्या वाटेने पोचतो आणि ट्रॅक रस्ता सोडून दरीत उतरलेला दिसतो. एल1 व एल5 अशा दोन वारंवारता वाचणाऱ्या घड्याळांत हा दोष पुष्कळ कमी होतो. बॅटरी वाचवण्यासाठी दर सेकंदाऐवजी अधूनमधून बिंदू नोंदवण्याची सोय असते, पण ती चोर्ल्याच्या नागमोडी वळणांत वापरू नये. वळणे कापली जातात आणि अंतर कमी भरते.

उंचीचा प्रश्न : सीमाभागातील सायकलस्वारांमध्ये सर्वाधिक चर्चा होते ती ‘एकूण चढ’ या आकड्याची. तो आकडा तीन निरनिराळ्या वाटांनी येतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या आकारासाठी मानलेल्या एका गणिती लंबगोलापासूनची असते. दक्षिण भारतात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली आहे, बेळगाव परिसरात 60 मीटरांहून अधिक. घड्याळ साठवलेल्या तक्त्यावरून हा फरक दुरुस्त करते. तरीही उपग्रहीय उंची आडव्या स्थानापेक्षा ढोबळच राहते.

दुसरी वाट वायुभारमापकाची. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला, की घड्याळ सुमारे 9 मीटर चढ झाला असे समजते. उष्ण कटिबंधात दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. म्हणून पहाटे बेळगावच्या टिळकवाडीतून निघून राजहंसगड किल्ला करून सकाळी दहाला परतलेल्याला आपले घर निघाल्या वेळेपेक्षा दहा-वीस मीटर खाली गेलेले दिसते. घड्याळ बिघडलेले नसते. पावसाळ्यात दोन गोष्टींची भर पडते : हवामान पालटताना दाब हलतो, आणि दाबमापकाच्या बारीक छिद्रात पाणी शिरले की उंचीचा आलेख खुळ्यासारखा उड्या मारतो. घड्याळ गोड्या पाण्याने धुऊन वाळवणे एवढाच उपाय पुरतो.

तिसरी वाट म्हणजे राइडची नोंद फोनवर उतरल्यावर (सिंक झाल्यावर) उंचीच्या नकाशावरून पुन्हा केलेली मोजणी. असे बरेचसे नकाशे फेब्रुवारी 2000 मधील अंतराळयानाच्या रडार पाहणीवर आधारलेले आहेत. मोकळ्या माळावर, म्हणजे चिकोडी-निपाणीकडे, ते चांगले चालतात. खानापूरच्या पश्चिमेला रडारने झाडांचे शेंडेच जमीन मानले, आणि कड्यात खोदलेल्या रस्त्याचा बिंदू जरा सरकला तरी उंची कैक मीटरांनी बदलते. घाटवाटांसाठी ठाऊक असलेल्या उंचीशी नीट मिळवून घेतलेला वायुभारमापकच अधिक भरवशाचा दिसतो. मिळवून घेण्यासाठी रेल्वे स्थानकाची पिवळी पाटी उत्तम. बेळगाव, खानापूर, लोंढा या स्थानकांच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पाटीजवळ उभे राहून तोच आकडा घड्याळात भरावा.

एकाच राइडचा चढ दोघांच्या घड्याळांत वेगळा येतो, त्याचे आणखी एक कारण म्हणजे किती मीटरांच्या वरचा चढउतार मोजायचा, हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवते. अशा आकड्यांवरून मित्रांत वाद घालण्यात अर्थ नाही. तुलना करायचीच तर एकाच घड्याळावरच्या दोन राइडची करावी.

खासगीपणा : जानेवारी 2018 मध्ये व्यायामाचे ट्रॅक साठवून इतरांना दाखवणाऱ्या स्ट्राव्हा या सेवेच्या जागतिक नकाशावरून अनेक देशांतील लष्करी तळांच्या आतल्या वाटा उघड झाल्याचे लक्षात आले. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आणि सांबऱ्याला हवाई दलाचे ठाणे आहे. कॅम्प (लष्करी छावणी) भागातून रोज जाणाऱ्यांनी आपले ट्रॅक सर्वांना खुले ठेवू नयेत. घराभोवतीचा टप्पाही लपवण्याची सोय बहुतेक सेवांत असते.

हृदयगती : मनगटावरील हिरव्या प्रकाशाचे मापन सपाट रस्त्यावर ठीक असते. खडबडीत रस्त्यावर हँडलच्या हादऱ्यांनी ते चुकते, तेथे छातीचा पट्टा वापरावा.