जुडीच्या धुराने ९४ टक्के जंतू मरतात?

वडोदऱ्यात दांडिया बाजाराकडच्या आपल्या काही घरांतून तिन्हीसांजेला धुपाऐवजी तुळस-कडुनिंबाची वाळवलेली जुडी फिरते. फिरवा की! पण सोबत व्हॉट्सॲपवर जे फिरतं, ‘सेजच्या धुराने हवेतले ९४ टक्के जंतू मरतात’, ते खरं नव्हे. (सेज म्हणजे अमेरिकेत अशीच जुडी बांधून जाळतात ती सुगंधी वनस्पती.) तो आकडा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या २००७ सालच्या अभ्यासातला. तिथे जाळली हवनसामग्री, सेजची जुडी नव्हे. तीही बंद खोलीत, तासभर. मोजले फक्त जिवाणू. असा तासभराचा कोंडलेला धूर कसा वाटतो, ते दमेकऱ्याला विचारा.

जुडी सुती दोऱ्याने सैल बांधून सावलीत उलटी टांगा. करकचून आवळलीत तर आतली पानं बुरसतात. पान बोटांत कुरकुरलं की झाली. पेटवताना खिडकी उघडी, आणि नंतर टोक वाळूत खुपसून विझवा.