लॅपटॉपची कंपॅटिबल बॅटरी

लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी त्या मॉडेलमध्ये बसेल अशी बनवलेली बॅटरी म्हणजे कंपॅटिबल बॅटरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत आणि ऑनलाइन तर ढिगाने मिळते, कारण लॅपटॉप जुना झाला की कंपनीकडे त्याची बॅटरी बऱ्याचदा मिळतच नाही, आणि मिळालीच तर किंमत ऐकून माणूस नवीन लॅपटॉप बघायला लागतो. नुसत्या बॅटरीपायी चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात जाणं खरंच वाईट आहे, त्यामुळे या बॅटऱ्यांना सरसकट नावं ठेवू नयेत.

मात्र कंपॅटिबल वेगळी आणि डुप्लिकेट वेगळी. कंपॅटिबलवर तिच्या स्वतःच्या उत्पादकाचं नाव असतं, डुप्लिकेटवर मूळ कंपनीचा खोटा लोगो आणि खोटा होलोग्राम. जो लोगो खोटा छापतो तो क्षमताही खोटी छापणार असंच धरून चालावं. म्हणून निम्म्या किमतीच्या "ओरिजिनल"पेक्षा स्वतःच्या नावाने विकली जाणारी कंपॅटिबल कधीही बरी.

जुन्या, बाहेरून काढता येणाऱ्या बॅटरीत 18650 नावाचे गोल सेल असतात, 18 मिमी व्यास आणि 65 मिमी लांबी, नव्या पातळ लॅपटॉपमध्ये चपटे पाऊच सेल. एका सेलचं व्होल्टेज 3.6 किंवा 3.7 धरतात आणि फुल चार्जला ते साधारण 4.2 पर्यंत जातं. तीन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडून लावले की 10.8 किंवा 11.1 व्होल्ट, चार लावले की 14.4 किंवा 14.8. यातल्या 10.8 आणि 11.1 मध्ये घाबरण्यासारखं काही नाही, ते एकच आहे, पण 11.1 च्या जागी 14.8 ची लावायची नाही.

सेलसोबत आत एक छोटा सर्किट बोर्ड असतो, तो तापमान बघतो, ओव्हरचार्ज आणि शॉर्ट सर्किटला तोडतो आणि किती टक्के उरले ते लॅपटॉपला सांगतो. हलक्या मालात काटछाट नेमकी इथेच होते आणि ती वरून दिसत नाही, खरा धोका हाच. अर्थात मोठं नाव म्हणजे खात्रीच असंही नाही, लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आणली ती सोनीने, आणि 2006 मध्ये सोनीचेच सेल असलेल्या सुमारे 41 लाख बॅटऱ्या डेलला आगीच्या धोक्यामुळे परत मागवाव्या लागल्या.

छापलेली क्षमता खरी का, ते साध्या गणिताने कळतं. चांगल्यातला चांगला 18650 सेल साधारण 3500 एमएएचचा, म्हणजे 6 सेलच्या बॅटरीत (तीन-तीनच्या दोन रांगा, रांगेतल्या सेलचं फक्त व्होल्टेज वाढतं, एमएएच वाढतो तो दोन रांगांमुळे) जास्तीत जास्त 7000, तेव्हा 6 सेलवर 9000 लिहिलं असेल तर ते खोटं आहे. वजनही करून बघावं, एक सेल साधारण 45 ग्रॅमचा, सहांचेच 270 च्या आसपास होतात, वर प्लास्टिक आणि बोर्ड, त्यामुळे अख्खी बॅटरी 200 ग्रॅमच भरली तर आत काहीतरी कमी आहे. भारतात विकताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर लागतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. उत्पादनाची तारीखही बघावी, कारण पडून राहिलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

काही कंपन्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या हार्डवेअरमध्ये भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच कुलूप लावतात. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स 230 आणि टी 430 या 2012 च्या पिढीत अनोळखी बॅटरी लावली की लॅपटॉप ती चार्जच करत नाही, शेवटी वापरणाऱ्यांनीच फर्मवेअर बदलून ही तपासणी काढायची वाट शोधली. सुरक्षेचं कारण पुढे केलं तरी स्वतः ओरिजिनल विकायची बंद केल्यावर असं कुलूप ठेवणं ग्राहकावर अन्यायच आहे.

बॅटरी बसवल्यावर विंडोजमध्ये पॉवरसीएफजी (powercfg) या कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि फुल चार्जची क्षमता शेजारी-शेजारी दिसते, पण हे आकडे बॅटरीचा बोर्डच सांगतो, म्हणून एकदा फुल चार्ज करून प्रत्यक्ष किती वेळ चालते ते बघावंच. टचपॅड वर उचललं जात असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर चार्जिंग लगेच बंद करून बॅटरी काढून घ्यावी, तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ई-कचरा केंद्रात द्यावी.